चिंधी बांधलेलं चाक

मुरुमच्या बाजारातून उमरग्याच्या बाजूला निघालं की शेवटच्या वळणावर एक पत्र्याचं शेड लागतं. वर पाटी आहे, 'श्रीशैल ट्रॉली वर्क्स'. पाटीवर जाऊ नका. श्रीशैल नावाचा गडी तिथं महिन्यातून एकदा उगवतो, तेही मोटारसायकलीत हवा भरून घ्यायला. आत ट्रॉलीखाली उताणी पडून जी बाई कुणाला तरी शिव्या घालत असते, ती महानंदा. श्रीशैलची थोरली बहीण. दुकान तिचंच, घाम तिचाच, नाव तेवढं त्याचं.

ते कसं झालं तेही सांगतो. महानंदा नऊ वर्षांची होती तेव्हा बापाच्या, म्हणजे शांतलिंगअप्पांच्या हाताखाली बेअरिंगात ग्रीस भरायची. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंग त्यावर दाबत राहायचं, पलीकडच्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. ते काम तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही. त्याच वर्षी श्रीशैल झाला. अप्पांनी बाराव्या दिवशी पेंटर बोलावला आणि पाटी रंगवून घेतली. पोरगी कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली, आणि पाळण्यातला गडी मालक! त्या दिवशी जो राग तिच्या डोक्यात शिरला, तो सदतीस वर्षं झाली, बाहेर निघालेला नाही.

मधे लग्न झालं होतं तिचं. दीड वर्ष टिकलं. नवऱ्यानं एकदा हात उगारला, हिनं जॅकचा दांडा उचलला, विषय संपला. ती माघारी आली ती थेट शेडात शिरली, घरात नंतर गेली. अप्पांनी नुसता पाना पुढं केला. म्हाताऱ्याचं तेवढं मात्र तिनं आयुष्यभर मानलं.

गिऱ्हाइकाला ती काय बोलेल याचा नेम नसायचा. "बेअरिंग आठ दिस वरडतंय आन् तू ट्रॉली हाकतोयस? बायकू वरडली तर आठ दिस थांबतूस का रं?" असं चारचौघांत म्हणायची. माणसं दात काढायची आणि पुन्हा तिच्याकडंच यायची, कारण तिनं बसवलेलं चाक निखळलं असं पंचक्रोशीत कुणी सांगावं, बिशाद नव्हती.

त्याचं कारण होतं चिंधी. फार पूर्वी अप्पांनी एकदा एका ट्रॉलीच्या चाकाचा नट नुसता हातानं लावला आणि जेवायला घरी गेले. मागं गिऱ्हाईक आलं, काम झालं समजून उसाची ट्रॉली जोडून निघून गेलं. चाक निखळून ओढ्यात, ट्रॉली आडवी, बैलासारखा दणकट माणूस सहा महिने खाटेवर. त्या संध्याकाळी अप्पांनी स्वतःचं धोतर फाडलं आणि नियम घालून दिला. काम अर्धं राहिलं की चाकाला चिंधी बांधायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो बाप असो की गिऱ्हाईक. मुरुमात शेंबड्या पोराला विचारा, ट्रॉलीच्या चाकाला चिंधी दिसली की तो लांबून जातो.

तर अशा ह्या महानंदाकडं मागच्या श्रावणात युवराज आला. युवराज चाळिशीचा, जमीनजुमल्याच्या घरातला, पुण्यात बरीच वर्षं कॉम्प्युटरवर काम करून परत आलेला. गावाबाहेर त्याच्या मळ्यात मोठं गोदाम होतं आणि त्या गोदामात तो तीन वर्षं विमान जोडत होता. हो, विमान. दोन माणसं बसायचं. परदेशातून खोक्यात सुटे भाग आलेले, पुस्तकात बघून एकेक जोडायचा. लोक आधी हसले, मग बघायला यायला लागले, मग कंटाळले. त्यानं मात्र सोडलं नाही. इंजिन बसलं, चाकांचे पाय बसले, आणि गाडं चाकावर अडलं.

"ताई, विमानाची चाकं बसवायची आहेत. मी दोनदा बसवली. एकदा फिरेनात, एकदा डुलायला लागली."

"चाक म्हंजे चाक," महानंदा ट्रॉलीखालूनच म्हणाली. "इमानाचं आसू द्या न्हाय तर मढ्याच्या गाडीचं. कवा येऊ?"

गेली ती, आणि बघता क्षणी तिला ते चाक आवडलं. सांगायची नाही कुणाला, पण आवडलं. दोन फाकांचं, बोल्टांनी जोडलेलं, हातात घेतलं तर कलिंगडाएवढं वजन. युवराज पुस्तकातलं वाचून मराठीत सांगायचा आणि ती त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं सांगायची. ट्यूब घालण्याआधी टायरात शंखजिऱ्याची पूड मारायची, म्हणजे ट्यूब चिकटून फाटत नाही. बेअरिंगात ग्रीस तळहातानं. मग चाक एक्सलवर चढवून नट आवळायचा, फिरवत फिरवत. चाक जड झालं की थांबायचं आणि नट अगदी एवढासा माघारी घ्यायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण वर-खाली धरून हलवलं तर टकटक वाजता कामा नये. जास्त आवळलं तर बेअरिंग जळणार, सैल राहिलं तर चाक डुलणार. हे पुस्तकात दोन ओळींत होतं. महानंदाच्या मनगटात ते सदतीस वर्षांचं होतं.

आणि शेवटी खीळ. बैलगाडीच्या चाकाला असते तीच, फक्त नाजूक. फिटर तिला कॉटर म्हणतात. नट बरोबर बसला की त्याच्या खाचेसमोर एक्सलला आरपार भोक पाडायचं, कॉटर घालायची आणि तिची दोन्ही टोकं वाकवायची. मग नट जागचा हलत नाही. ह्या विमानाच्या एक्सलला भोक आयतं आलेलं नव्हतं, ज्याचं त्यानं चाक जुळवून मग पाडायचं होतं.

काम सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी युवराजनं एक जाड वही काढली. त्यात कुठलं काम कुणी केलं ते तारखेसकट लिहायचं, फोटो चिकटवायचे. विमानाला परवानगी मागताना ती वही दाखवायची असते.

"आक्का, एक विचारू का?" तो म्हणाला. तोवर ताईची आक्का झाली होती. "वहीत श्रीशैलचं नाव लिहितो. त्याचं आयटीआयचं सर्टिफिकेट आहे. तुमचं तर काही... म्हणजे काम तुमचंच, नुसतं कागदावर."

महानंदाच्या हातात पाना होता. तिनं तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. श्रीशैलनं आयटीआय केलं होतं खरं, पण त्यानंतर त्यानं जे काय आवळलं ते फक्त बुटाची लेस. आता तो विमा विकायचा. कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारोदार माणसांना मरणाची भीती घालायचा.

"लिवा," ती म्हणाली.

का म्हणाली? तिनंच नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. भीड! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. समोरचा आक्का आक्का करत होता, चहा देत होता, आणि तिला ते चाक बसवायचंच होतं. लिवा म्हणाली आणि घरी जाऊन तव्यावर तीन भाकरी करपवल्या.

सवडीसवडीनं काम करत नवरात्रातल्या अष्टमीला उजवं चाक पुरं झालं. कॉटर बसली, टोकं वाकली. डाव्याचा नट जुळवला, खाचेसमोर खूण केली, ड्रिल टेकवलं आणि त्याचा भोक पाडायचा बिट काड्कन मोडला. एक्सलचं लोखंड कडक, तसला बिट मुरुमात मिळेना. सोलापूरहून मागवायचा तर दोन दिवस. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेडातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. अप्पांपासूनची रीत होती ती. शेडात त्या दोन दिवसांत साधा स्क्रू कुणी पिळत नसे.

तिनं विमानाच्या डाव्या बाजूला लाकडी ठोकळे दिले, चाक जमिनीपासून उचललेलं ठेवलं. आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फाडली आणि चाकाला बांधली. गोदामाची राखण करणारा धोंडीबा धनगर तिथं तंबाखू मळत बसला होता.

"आक्का, नट तर लावलाय की," तो म्हणाला.

"नुसता लावलाय, खीळ न्हाय. आन् ह्यो डावा हाय, धोंडीबा. गाडी पुढं गेली की डावं चाक नटाला सुटायच्या अंगानंच वढतं. ध्यानात ठिव."

मग ती युवराजकडं गेली. तो फोनवर होता. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी येते. तवर डाव्याला हात लावू नगा," असं तिनं सांगितलं. त्यानं फोन कानाला ठेवूनच मान हलवली, अंगठा वर केला. ती निघाली.

दसऱ्याला ती शेडातच होती. पूजा झाली होती, गिऱ्हाइकं आपट्याची पानं देऊन पाया पडून जात होती. ज्यांना ती वर्षभर शिव्या द्यायची त्यांना त्या दिवशी पेढा द्यायची. दुपार कलली आणि समोरच्या दवाखान्यापाशी रिक्षा थांबली. चार माणसांनी धोंडीबाला उचलून आत नेलं. उजव्या पायाला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लाल.

महानंदा पेढ्यांचा डबा हातात तसाच घेऊन आत घुसली.

"काय झालं?"

धोंडीबा खाटेवर पडून छताकडं बघत होता. "चाक निगालं, आक्का."

"कंचं?"

"डावं."

मग त्यानं सगळं सांगितलं, मधे मधे कण्हत. युवराजचे पुण्याहून मित्र आले होते. दसऱ्याला सगळी वाहनं पुजतात, मग विमान का नको, असं ठरलं. झेंडूची माळ आली, नारळ आला. चाकाखाली लिंबं ठेवायची आणि वाहन त्यावरून न्यायचं, लिंबू चिरडलं की वर्षभराची पीडा गेली. पण लिंबावरून न्यायचं तर हलवायला नको का? युवराजची आई मथुराबाई आरतीचं ताट घेऊन आली आणि तिला चाकावरची चिंधी दिसली.

"म्हातारी म्हणली, नव्या वाहनाला सणासुदीची चिंधी? अवलक्षण. म्या म्हणलं, आक्कानी बांदलीया, सोडू नगा. तर त्यो पुण्याचा मानूस म्हणला, चाकं कुणी बसवली? पूजेला बोलावल्याला श्रीशैल तितंच व्हता, मालकानी त्याच्याकडं बोट केलं. हे आमचे फिटर म्हणले. मग त्या मानसानं श्रीशैलला इचारलं, ढकलायला हरकत न्हाय ना?"

"आन्?"

धोंडीबानं डोळे मिटले. "'पक्कं हाय' म्हणला. आन् सोताच्या हातानं चिंधी सोडली."

ठोकळे काढले. सगळ्यांनी जय म्हणून ढकललं. लिंबं चिरडली. इतकं हलकं पळतंय बघून मित्रांना चेव आला, मोबाईलवर शूटिंग लावून त्यांनी मळ्याच्या रस्त्यावर पार विहिरीपर्यंत नेलं. एका फेरीवर भागलं नाही म्हणून दुसरी. दुसऱ्या फेरीला नट कधी गळून पडला कुणाला कळलं नाही. चाक निघून रस्ता सोडून तुरीत गेलं, विमान डावीकडं कलंडलं, आणि एक्सलचं टोक, वरच्या सगळ्या वजनासकट, डाव्या अंगानं ढकलणाऱ्या धोंडीबाच्या पायावर आलं. दोन बोटं मोडली. पंख अजून लावायचे होते म्हणून बरं, नाहीतर पंखाखाली आणखी कोण सापडलं असतं देव जाणे.

महानंदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एका चाकापायी नाही, दोन बोटांपायीही नाही. पक्कं हाय म्हणाला! ज्या पोराला अप्पांनी मांडीवर घेऊन चिंधीची गोष्ट सांगितली होती, शंभरदा सांगितली होती, तो चिंधी सोडून पक्कं हाय म्हणाला! तिनं पेढ्यांचा डबा धोंडीबाच्या उशाशी आदळला, "खा, औषध कडू आसंल," असं त्याच्यावरच खेकसली, आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. रडू आलं तिला. तेही रागाचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळ्यावर गेली. विमान पुन्हा ठोकळ्यांवर चढवलेलं होतं, वाळलेली झेंडूची माळ अजून गळ्यात. युवराज होता, मथुराबाई होती, आणि कोपऱ्यात श्रीशैल. मित्र सकाळीच पुण्याला पळाले होते. टेबलावर वही उघडी.

युवराजनंच तोंड उघडलं. "आक्का, असं अर्धवट काम ठेवून जायला नको होतं तुम्ही. माणूस जायचा होता."

महानंदानं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती वहीपाशी गेली. शाळा नववीपर्यंतच झालेली, इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण एम ए एच ए पाहिलं की आपलं नाव तिला बरोबर ओळखू यायचं. त्या वहीत आज पहिल्यांदा तिचं नाव होतं. शाई ताजी होती.

"हितं काय लिवलंय?"

"अहो, झालेलं लिहावं लागतं..."

"वाचा. पयल्यापासनं वाचा. मराठीत सांगा आन् मोठ्यानं, तुमच्या आईला ऐकू जाऊ द्या."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो वाचायला लागला. "टायर आणि ट्यूब बसवली. काम, श्रीशैल शांतलिंग. बेअरिंगात ग्रीस भरलं. काम, श्रीशैल शांतलिंग. उजवं चाक बसवून कॉटर घातली. काम, श्रीशैल शांतलिंग." तो थांबला.

"म्होरं."

"डाव्या चाकाचा नट सैल राहिल्यामुळं चाक निखळलं. एक माणूस जखमी." मग हळूच, "काम, महानंदा शांतलिंग."

महानंदानं त्या ओळीवर बोट टेकवलं.

"वा!" महानंदा म्हणाली. "वा, युवराजभाऊ! चाक बसलं तवा नाव श्रीशैलचं, आन् निगालं तवा महानंदाचं? आयत्या पिठावर रेघुट्या वढायला ह्यो, आन् पीठ सांडलं की म्या? ही वही हाय का माझ्या बापाची पाटी?"

"आक्का, श्रीशैलच म्हणाला, डाव्याचा नट आक्कानं लावलाय..."

"म्या सांगितलं व्हतं का न्हाय, डाव्याला हात लावू नगा म्हणून? तुमी अंगठा दावला!"

"मी फोनवर होतो. लक्षातच आलं नाही."

"व्हय, फोनवर व्हता. तुमचा कान मोकळा व्हईस्तोवर म्या थांबायला पायजे व्हतं. तेवढी चूक माझी, ती लिवा वहीत, म्या न्हाय म्हणनार न्हाय. पण चिंधी तर फोनवर न्हवती ना? ती चाकावरच व्हती!"

मथुराबाई पदर तोंडाला लावून पुढं आली. "चिंधी म्याच काढा म्हणलं, बाई. मला काय म्हाईत तुमची रीत. दिसायला अवलक्षण दिसत व्हतं."

"तुमाला म्हाईत नसंल, काकू. तुमच्यावर माझा राग न्हाय." ती वळली. "ह्याला म्हाईत व्हतं."

श्रीशैल बुटाच्या टोकानं जमीन उकरत होता. सदतीस वर्षांचा बाप्या, पण त्या घडीला पार लहान झाला होता.

"श्रीशैल. चिंधी कळली न्हाय तुला?"

"कळली व्हती."

"मग?"

"समदी बघत व्हती, आक्का. फिटर म्हणून वळख करून दिलती. तितं काय सांगू, मला म्हाईत न्हाय, बहिणीला इचारा?"

"व्हय! तेच सांगायचं व्हतं!" ती इतक्या जोरात ओरडली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "दोन शब्द! बहिणीला इचारा, एवढंच! त्यापायी धोंडीबाची दोन बोटं मोडली! तुला माझं नाव जिभंवर घ्यायची लाज वाटली, आन् चाक निगाल्यावर मातर पयलं माझंच नाव आलं तोंडात. तवा लाज कुठं गेलती?"

ती उत्तरासाठी थांबली नाही.

तुरीत सापडलेलं चाक तिनं उचललं, धूळ पुसली आणि एक्सलशेजारी ठेवलं. पदराचं टोक दातात धरून टर्रकन फाडलं. एक चिंधी उघड्या एक्सलला बांधली आणि दुसरी उजव्या चाकाला, ज्याचं काम पुरं झालेलं होतं त्याला. "वहीतली नावं खरी व्हईस्तोवर दोन्ही चाकं अर्धीच हायती. बांदली म्या, सोडणार म्या."

"आक्का, सर्टिफिकेट नसेल तर कागद अडतील," युवराज काकुळतीला आला.

"आडू द्या!"

आठ दिवस गेले. महानंदा ट्रॉल्या दुरुस्त करत राहिली आणि त्या आठवड्यात मुरुमच्या ट्रॉलीवाल्यांनी जे बोलणं खाल्लं ते त्यांनाच ठाऊक. रोज दुपारी ती धोंडीबाला भाकरी नेऊन द्यायची आणि रोज त्याच्यावर ओरडायची, कशाला ढकलायला गेलास म्हणून. तो म्हणायचा, मालकानी सांगितलं, काय करू. मग ती आणखी ओरडायची.

त्याच्याकडूनच तिला मळ्यावरचं कळत होतं. मधे एकदा युवराजनं श्रीशैललाच चाक चढवायला सांगितलं होतं. चिंधी सोडायला मात्र दोघांपैकी कुणाचा हात धजला नाही. श्रीशैलनं नुसतं बेअरिंग हातात घेतलं, उलटं की सुलटं ते बराच वेळ बघितलं, आणि खाली ठेवून निघून गेला.

नवव्या दिवशी युवराज शेडात आला. काखेत वही. ती ट्रॉलीखाली होती, बाहेर आली नाही. तो सरळ मातीत उकिडवा बसला आणि वही ट्रॉलीखाली सरकवली.

प्रत्येक ओळीतलं श्रीशैलचं नाव एका रेघेनं खोडलेलं होतं. त्याच्यापुढं देवनागरीत, म्हणजे तिला लगेच वाचता यावं म्हणून, लिहिलं होतं, महानंदा शांतलिंग. शेवटच्या नोंदीतही बदल होता. 'डाव्या चाकाचं काम अपुरं होतं आणि तशी खूण बांधलेली होती. खूण सोडून विमान ढकललं. जबाबदार, युवराज आणि श्रीशैल. काम अपुरं असल्याचं महानंदा यांनी युवराज फोनवर असताना सांगितलं होतं.'

तिनं दोनदा वाचलं. ग्रीसचा अंगठा पानावर उमटला.

"परवानगी देणाऱ्या ऑफिसात मी चौकशी केली," युवराज म्हणाला. "ते म्हणाले, सर्टिफिकेटचा प्रश्नच नाही. विमानाची जबाबदारी माझी. वहीत मात्र ज्याचा हात लागला त्याचंच नाव पाहिजे."

महानंदा सरपटत बाहेर आली. "म्हंजे आदी इचारलंच न्हवतं तुमी?"

"नाही."

"मनानंच ठरवलं? बाईचं नाव चालणार न्हाय म्हणून?"

तो खाली मान घालून बसला. आता पुन्हा शिव्यांची लाखोली येणार म्हणून पलीकडचा चहावालासुद्धा कान टवकारून उभा राहिला. पण तिनं फक्त हात पुसले, ड्रिल उचललं, सोलापूरहून आलेला बिट खिशात टाकला आणि म्हणाली, "चला. अजून राग गेलेला न्हाय माझा, गाडीवर बोलू नगा."

गोदामात धोंडीबा प्लास्टर घातलेला पाय पुढं करून खुर्चीत बसला होता. मथुराबाईनं चहा केला. श्रीशैलही आला होता, साध्या शर्टात, दाराशी उभा. तिनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं हात मागं करून नुसतं "कानस" म्हणाली. त्यानं कानस दिली.

एक्सलची चिंधी तिनं सोडून डाव्या चाकाला बांधली. एक्सलचे आटे दबले होते. तिनं ते एकेक करून कानशीनं उघडले, रॉकेलनं धुतले, नट हातानं शेवटपर्यंत जातोय की नाही ते पाहिलं. बेअरिंगात नवं ग्रीस भरलं. चाक चढवलं, नट आवळला, चाक जड झालं, एवढासा माघारी घेतला. मग ड्रिल लावलं आणि भोक आरपार पाडलं. कॉटर घातली. पकडीनं एक टोक वर वाकवलं, एक खाली. शेवटी दोन्ही बाजूंच्या चिंध्या सोडल्या आणि घडी करून कमरेला खोचल्या.

युवराज वही उघडून पेन धरून उभा होता. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, श्रीशैलकडं, सवयीनं. मग मान वळवली.

"आक्का," त्यानं विचारलं, "पक्कं का?"

तिनं चाक वर-खाली धरून हलवलं, टकटक नव्हती. एक हलका झटका दिला. चाक आवाज न करता फिरत राहिलं, बराच वेळ, आणि आपोआप थांबलं.

"मला इचारलंत ना?" महानंदा म्हणाली. "मग आता पक्कं हाय."